नावांची बेरीज

जूनच्या तोंडावर आर्थरसीटच्या कठड्यापाशी तासभर उभे राहिले, की एक प्रकार हटकून दृष्टीस पडतो. पुण्या-मुंबईहून आलेले एखादे कुटुंब चित्रात पाहिलेली सावित्रीची दरी शोधत असते आणि समोर मात्र पांढरे धुके. कर्ता पुरुष टॅक्सीवाल्यावर डाफरतो, "एवढे पैसे घेऊन हेच दाखवायला आणलंस का?" त्याच वेळी, त्याच कठड्याशी, वाईकडच्या खेड्यातून आलेल्या दोन बाया खालून वर चढणारे धुक्याचे लोट हरखून पाहत बसलेल्या असतात. धुके तेच, कठडाही तोच. एकाने येताना मनात चित्र आणले होते, दुसऱ्यांनी आणले नव्हते, एवढाच फरक. टॅक्सीवाल्यांच्या संघटनेच्या निमित्ताने ही तक्रार आमच्यापर्यंत अनेकदा येते. धुक्याबद्दल टॅक्सीवाल्याला जबाबदार कसे धरावे, याचे उत्तर आम्हांला अजून सुचलेले नाही.

आमचा विषय मात्र निसर्गाचा नाही, गाण्याबजावण्याचा आहे. दोन-चार थोर कलावंत एकत्र येऊन जेव्हा काही निर्माण करतात, तेव्हा ते कोणत्या मापाने मोजावे? आपण बहुधा त्यांच्या नावांची बेरीज करतो. एकटा असता तर इतका आनंद, दोघे मिळून दुप्पट. आणि जे समोर येते ते त्या बेरजेतून वजा करून 'अपेक्षाभंग झाला' असा निकाल देऊन मोकळे होतो. हा हिशेब चुकीचा कसा, आणि त्यात आपले नुकसान काय होते, ते दोन उदाहरणांनी समजावून सांगावे असा आमचा विचार आहे. संगीतातील आमचा अधिकार श्रोत्यापलीकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण 'संयुक्त' या शब्दाशी आमचे उभे आयुष्य गेले आहे.

पहिले उदाहरण बहुतेकांना ऐकून ठाऊक असेल. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरात 'संगीत मानापमान' नाटकाचा एक प्रयोग झाला. महाराष्ट्राने त्याला 'संयुक्त मानापमान' असे नाव दिले आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी ते नाव पुसले गेलेले नाही. त्या काळी मराठी रंगभूमीवर दोन नाटक मंडळ्यांचा मोठा दबदबा होता. एक, १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी; तिचे नायक नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. नारायणराव जन्मले ते सांगली जिल्ह्यातील नागठाण्याला, २६ जून १८८८ रोजी. आपल्या जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेतून जी कृष्णा निघते, तिच्याच काठचे हे गाव. दुसरी, ललितकलादर्श, ती केशवराव भोसल्यांनी १९०८ साली काढली तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. नारायणरावांचा गळा मुलायम, शब्दाला कुरवाळीत जाणारा. केशवरावांचा उंच पट्टीचा, तडफेचा, समोरच्याला आव्हान देणारा. प्रत्येकाचा चाहता वर्ग वेगळा आणि आपला गडी मोठा हे सिद्ध करण्यास नेहमी तयार.

या दोघांनी एका रात्रीसाठी एकाच नाटकात उभे राहावे असे ठरले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. नारायणराव भामिनी आणि केशवराव धैर्यधर. तिकिटांचे दर नेहमीच्या मानाने कितीतरी चढे ठेवले होते, तरी लोकांची झुंबड उडाली. आता हे लोक काय पाहण्यास गेले होते? नाटक तर दहा वर्षांचे जुने होते. खाडिलकरांनी लिहिलेल्या आणि गोविंदराव टेंब्यांनी चाली दिलेल्या त्या नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ चा. पदे पाठ, गोष्ट पाठ. खरे सांगायचे तर, बरेचसे लोक दंगल पाहण्यास गेले होते. कोण कोणाला चीत करतो, हा त्यांचा प्रश्न. दंगल झाली नाही. दोघेही आपापल्या जागी उभे राहून अप्रतिम गायले आणि दोन्ही पक्षांचे लोक तृप्त होऊन परतले, असेच त्या रात्रीबद्दल सर्वत्र सांगितले जाते.

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण ही रात्र साधली कशामुळे याचा विचार सहसा कोणी करीत नाही. एक तर नाटक दोघांनाही अंगवळणी पडलेले होते. नवे काही उभारायचे नव्हते. भूमिका अशा, की एक दुसऱ्याच्या आड येत नाही. भामिनीचे गाणे धैर्यधराला म्हणता येत नाही आणि धैर्यधराचे भामिनीला. दोघांनी एकच तान घेऊन दाखवायची असती, तर प्रसंग निराळा होता. पैसा फंडाचा, म्हणजे वाटणीचे भांडण नाही. आणि मुख्य म्हणजे, एका रात्रीचा मामला. एक दिवसाचा संयुक्त बंद यशस्वी होतो आणि तीच माणसे कायमची एक संघटना करण्यास बसली की सहा महिन्यांत फाटतात, हे आमच्या क्षेत्रात आम्ही इतक्यांदा पाहिले आहे, की या रात्रीचे यश वाचताना आम्हांला नवल वाटले नाही. याचा अर्थ त्यांचे गाणे लहान होते असा नव्हे. एवढाच, की ती सोपी बाजू होती.

जाता जाता, त्या नाटकाची गोष्टच मुळी ऐकीव मापाने माणूस मोजण्याची आहे. श्रीमंताची मुलगी भामिनी गरीब धैर्यधराला न पाहता, न पारखता झिडकारते. आणि पुढे वनमाला बनून, साध्या वेषात त्याच्याजवळ गेल्यावर तिला तो खरा दिसतो. खाडिलकर सांगलीचे, हे आपल्या भागातल्या मंडळींनी विसरू नये.

पुढे काय झाले? त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव विषमज्वराने वारले. वय अवघे एकतीस. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही. त्या काळच्या साधनांनी भर रंगमंदिरातील प्रयोग टिपून ठेवणे शक्यही नव्हते. म्हणजे ती रात्र पुन्हा होणे नाही आणि तपासून पाहणेही नाही. अशी गोष्ट दरवर्षी थोडी थोडी मोठी होत जाते. आज 'संयुक्त मानापमान' हे एका प्रयोगाचे नाव उरले नसून ती एक मोजपट्टी झाली आहे, आणि तिच्यावर खूण कोठे केली होती हे कोणालाच दाखविता येत नाही.

दुसरे उदाहरण तपासता येते, म्हणून आम्हांला ते अधिक मोलाचे वाटते. १९३५ साल. बोलपटांनी नाटकांचा धंदा बसविला होता, गंधर्व मंडळी कर्जाच्या ओझ्याने मोडकळीस आलेली होती. तिकडे कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास येऊन भरभराटीच्या शिखरावर होती, व्ही. शांताराम यांचा 'अमृतमंथन' नुकताच गाजला होता. बालगंधर्व आणि प्रभात यांनी भागीदारीत चित्रपट काढायचे असे ठरले. दिग्दर्शक शांताराम, कथा के. नारायण काळे यांची, संगीत मास्तर कृष्णरावांचे. म्हणजे गंधर्व मंडळीतच नटलेल्या आणि तिच्या नाटकांना चाली दिलेल्या माणसाचे. आणि एकनाथांच्या भूमिकेत स्वतः बालगंधर्व. महाराष्ट्राने काय अपेक्षा केली असेल, याची कल्पना करावी. रंगभूमीचा राजा, पडद्याचा राजा! दुधात साखर म्हणतात ती हीच.

चित्रपटाचे नाव प्रथम 'महात्मा' होते. त्या नावाने गांधीजींची आठवण होईल म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि 'धर्मात्मा' हे नाव आले. चित्रपट लागला. तो अगदीच पडला असे नाही. परंतु जे अपेक्षिले होते त्याच्या जवळपासही तो गेला नाही. त्या एका चित्रपटानंतर भागीदारी संपली. तेव्हापासून 'धर्मात्मा'चा उल्लेख निघाला की, 'गंधर्वांना पडदा मानवला नाही,' या एका वाक्यात विषय संपविण्याची चाल पडली आहे.

लोकांना चुकले कशाचे? ऐकायला गेले होते ते गंधर्वांचे रंगभूमीवरील गाणे. ते गाणे कसे चालत असे? वर दिवे, खाली ऑर्गन, सारंगी आणि तबला. गंधर्व मंडळीच्या साथीला कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला अशी माणसे बसलेली. पद सुरू झाले, की ते केव्हा संपेल हे गाणाऱ्यालाही ठाऊक नसे. समोरून 'वन्समोअर' आला की पुन्हा, पुन्हा आला की आणखी एकदा, आणि दर वेळी नवी वाट. म्हणजे ते पद अर्धे प्रेक्षकांनी घडविलेले असे. बोलपटात प्रेक्षक नाही. मायक्रोफोनच्या टप्प्यात उभे राहायचे, ठरलेल्या पावलांवर थांबायचे, आणि तीन-चार मिनिटांत गाणे पुरे करायचे. कारण गोष्ट पुढे जायची असते आणि फिल्मचा दर फुटावर असतो. ज्याचे गाणे समोरच्या दादेवर फुलत असे, त्याला मुक्या यंत्रासमोर उभे केले होते. शिवाय लोकांनी जे रूप पंचवीस वर्षे डोळ्यांत साठविले होते, ते शालू नेसलेल्या भामिनीचे. पडद्यावर आला सत्तेचाळीस वर्षांचा पुरुष, साध्या वेषातला एकनाथ. लोकांना नाथ पाहायचेच नव्हते. त्यांना भामिनी पाहायची होती, आणि तीही दुप्पट.

हा प्रकार आपल्याच मातीतला आहे असे कोणी समजू नये. आमच्या कचेरीत येणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्याने आम्हांला इंग्रजांकडची एक हकीकत सांगितली आणि गाणीही ऐकविली. तिकडे गिटार-ड्रमच्या गाण्याचे जे वाद्यवृंद असतात, त्यांतील निरनिराळ्या नामांकित वृंदांचे नायक एकत्र आले म्हणजे त्याला 'सुपरग्रूप' म्हणतात. १९६८ च्या अखेरीस 'क्रीम' नावाचा वृंद मोडला. त्यातील एरिक क्लॅप्टन आणि जिंजर बेकर, 'ट्रॅफिक' या वृंदातील स्टीव्ह विनवुड आणि 'फॅमिली'मधील रिक ग्रेच अशा चौघांनी १९६९ साली 'ब्लाइंड फेथ' काढला. ब्लाइंड फेथ म्हणजे अंधश्रद्धा; नाव ठेवणाऱ्याला पुढचे दिसत असावे. ७ जूनला लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांचा पहिला जलसा झाला, त्याला सुमारे लाखभर माणूस लोटला. चौघांची एकत्र अशी गाणी तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ऑगस्टमध्ये सहा गाण्यांचा आल्बम निघाला, तो इंग्लंड-अमेरिकेत खपात पहिलाही आला. पण अमेरिकेच्या दौऱ्यात लोक ओरडत ते 'क्रीम'ची जुनी गाणी म्हणा म्हणून, आणि त्यांना ती म्हणावी लागत. वर्ष संपण्याआधी वृंद संपला.

आम्ही तो आल्बम कोणतीही अपेक्षा न ठेवता ऐकला, कारण अपेक्षा ठेवण्याइतके आम्हांला काही ठाऊकच नव्हते. त्यात घरची वाट न सापडण्याविषयीचे एक गाणे आहे. साधी गिटार आणि विनवुडचा चढा, कातर आवाज. ते आम्हांला फार आवडले. शेवटचे गाणे पंधरा मिनिटांचे आहे आणि त्यात प्रत्येकाला आपली कसरत दाखविण्याची पाळी दिली आहे. ते कंटाळवाणे वाटले. पण हा कंटाळा आमच्या अपेक्षेतून आला नव्हता, तो त्या गाण्यात होता. या दोन कंटाळ्यांतील भेद ओळखता आला, की परीक्षणाला सुरुवात झाली असे समजावे.

उलट बाजूचेही एक उदाहरण त्याच तरुणाने दिले. १९८८ साली जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन असे पाच बडे लोक एकत्र आले, ते एका रेकॉर्डच्या मागल्या बाजूला लागणारे एक किरकोळ गाणे करण्यासाठी. ते चांगले झाले, म्हणून आणखी केली. आल्बमवर त्यांनी आपली खरी नावे न घालता 'विलबरी' आडनावाचे पाच भाऊ असे सोंग घेतले. सोंग कोणाला उमगले नाही असे नाही; पण नावांची जाहिरात करण्याची त्यांना हौस नव्हती, एवढे लोकांना कळले, आणि ती गाणी लोकांनी गाणी म्हणून ऐकली.

आता आमच्या स्वतःच्या घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो तेथून. वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात तीन युनियनांनी मिळून संयुक्त कृती समिती केली. तिन्ही झेंड्यांचे पुढारी एका ट्रकवर उभे राहिले, तेव्हा द्वारसभेला जो जल्लोष झाला तो अजून आमच्या कानांत आहे. आम्ही त्या समितीचे चिटणीस होतो. भित्तिपत्रके आम्हीच लिहिली. दरमहा ३००० रुपये वाढ ही मागणी होती, आणि तीन झेंडे एकत्र आल्यावर मालकाची काय बिशाद, असा मजकूर आम्ही प्रत्येक भिंतीवर रंगविला. तीन महिन्यांनी करार आला. वाढ ९०० रुपये. आणि ८४ बदली कामगारांना दोन टप्प्यांत कायम करण्याचे कलम. सभेत एकच आवाज उठला, "तिघे मिळून एवढंच? डोंगर पोखरून उंदीर काढला!" हा आवाज उठविणाऱ्यांत आम्ही होतो. करार फेटाळला गेला.

दोन महिन्यांनी लोक जवळजवळ त्याच आकड्यावर कामावर परतले, पण बदलीवाल्यांचे कलम नव्या करारात नव्हते. ८४ घरांतील माणसे बदलीच राहिली, आणि पुढे त्यांतील बरीच बाहेर पडली. हे एक. दुसरे असे, की पहिल्या कराराच्या शेवटी कामाचे मोजमाप नव्याने ठरविण्याचा अधिकार मालकाला देणारे एक दोन ओळींचे कलम होते. खरा घातकी भाग तोच. ते कलम आम्ही कोणीच नीट वाचले नव्हते. सगळ्यांचे डोळे ३००० आणि ९०० यांच्या वजाबाकीवर. नव्या करारात ते जसेच्या तसे राहिले आणि त्याचे चटके लोकांनी दहा वर्षे सोसले. म्हणजे फुगलेल्या अपेक्षेने आम्हांला त्या कराराचा गुण दिसू दिला नाही, हे तर झालेच. पण त्यातील खरा दोषही तिनेच आमच्यापासून लपविला. कडक परीक्षक म्हणून आम्ही ओरडत होतो, आणि परीक्षण असे केलेच नव्हते.

ही गोष्ट मनात ठेवून आम्ही 'धर्मात्मा' पाहिला. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या वेळी आम्हीही रेकॉर्डवरचे बालगंधर्व कानांत घेऊन बसलो होतो, आणि प्रत्येक पद संपले की 'एवढेच?' असे मनात येत होते. तो शब्द ओळखीचा वाटला, म्हणून काही दिवसांनी पुन्हा पाहिला. या वेळी मनाशी ठरविले, की श्रेयनामावलीतील नावे आपल्याला माहीतच नाहीत. कोणी एक माणूस नाथ झाला आहे, कोणी एकाने चित्र काढले आहे. मग एकच प्रश्न विचारायचा: एकत्र येण्यासाठी यांतील कोणी काय सोडले, आणि सोडल्याने काय आले?

गंधर्वांनी सोडले पुष्कळ. लुगडे सोडले, वन्समोअर सोडला, अर्ध्या-अर्ध्या तासाचे पद सोडले. त्या बदल्यात जे आले ते आम्हांला दुसऱ्या पाहणीत दिसले: भजन म्हणताना अंगात आलेला एक निवांतपणा. गळा तोच, पण त्याला कोणाला जिंकायचे नाही. गद्य बोलताना मात्र ते अवघडलेले दिसतात. वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचविण्याची सवय जात नाही, आणि समोर रांगच नाही. कधी हाताची हालचाल अशी होते, की नाथांच्या अंगावर भामिनीची सावली पडून जाते. हा दोष खरा आहे. शांतारामांनीही काही सोडले. 'अमृतमंथना'त पडदाभर झालेल्या त्या डोळ्याने प्रेक्षकांना दचकविणारा हा माणूस येथे बहुतेक वेळ मागे राहून ऐकतो आहे. त्यामुळे चित्र कोठे कोठे संथ झाले आहे, पण गाणे मोकळे राहिले.

पुरुष संताची भूमिका स्त्रीपार्टी नटाला झेपणारी नव्हती, असेही म्हणतात. ते टिकत नाही. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, त्याच प्रभातने 'संत तुकाराम' काढला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. त्यातील तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस हेही पूर्वी नाटकांत स्त्रियांच्याच भूमिका करीत असत. तो चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. 'संत तुकाराम' हा अधिक चांगला चित्रपट आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु पागनिसांच्या मागे कोणतीही भामिनी उभी नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे. लोक त्यांच्याकडे पाहत होते ते तुकाराम पाहण्यासाठी.

आता 'धर्मात्मा'च्या विषयाकडे येऊ. कारण तो दोन्ही बाजूंच्या वादात हरवूनच गेला. नाथांनी अस्पृश्य मानलेल्यांना जवळ केले, महारवाड्यातील एका लहान मुलीच्या घरी ते जेवले, आणि त्याबद्दल ब्राह्मणसभेने त्यांना वाळीत टाकले, ही त्याची कथा. गांधीजींचा हरिजन दौरा १९३४ मध्ये नुकताच संपला होता. ज्या नटाच्या शालूचे काठ घरोघरच्या बायका पाहून येत, त्याच नटाने पडद्यावर ते ताट समोर ओढून घेणे, याला १९३५ साली धैर्य लागत होते. गाण्याची लांबी मोजणाऱ्यांना हा गुण दिसला नाही.

आणि खरा दोषही दिसला नाही. त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, येवल्याच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. महाडच्या तळ्याला तेव्हा आठ वर्षे होऊन गेली होती. आपल्या माणुसकीसाठी कोणाच्या कृपेची वाट पाहायची नाही, असे ठरविलेला समाज पडद्याबाहेर उभा होता. पडद्यावरील महारवाडा मात्र नाथांच्या दयेचा धनी, हात जोडलेला. हे चित्र मागे पडलेले होते, आणि हा दोष तेव्हाही मांडता आला असता. पण तक्रार राहिली ती ताना कमी पडल्याची.

दुसऱ्या वेळी चित्रपट पाहताना आमच्यासोबत कचेरीत एक जुने सोबती होते. त्या ८४ बदलीवाल्यांपैकी. बालगंधर्व कोण, हे त्यांना फारसे ठाऊक नव्हते. संगणकाच्या लहान पडद्यावर ते शेवटपर्यंत न बोलता पाहत राहिले. चित्र संपल्यावर म्हणाले, "गातो मात्र गोड हं. आणि त्या पोरीच्या घरी तो जेवायला बसतो, तिथं माझा घास अडकला." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण अण्णा, नाथांचा निवाडा झाला. त्या वस्तीच्या पाणवठ्याचं काय झालं, ते तुम्ही बघितलंत का? माझं चुकलं असेल."

आम्हीही पाहिले नव्हते. म्हणून चित्रपट मागे नेला आणि महारवाड्याच्या पहिल्या प्रवेशापासून पुन्हा लावला.